कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपोआप उघडून काय होतं?

पत्र:

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं उपकरणं बनवून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, आली. साहित्य भरपूर आहे, पण बरंचसं कपाटात कुलूपबंद. सगळं डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं आहे. काही जळलं, हरवलं तर उत्तर कोण देणार? विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की कपाट उघडतं. मुलं युट्यूबवर बघून 'स्मार्ट डस्टबिन' किंवा 'स्मार्ट सिंचन' तयार करतात. मुलगे वायरी जोडतात, मुली चार्ट रंगवतात आणि माहिती पाठ करून सांगतात. गेल्या वर्षी तालुक्यात दुसरा नंबर आला. परत येताना एसटीत नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, डब्याचं झाकण आपोआप उघडून काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. मी केमिस्ट्रीची पदवीधर, कोडिंग शिकलेले नाही. पण नेटवर्कला जोडलेली उपकरणं मुलांनी स्वतः कल्पून स्वतः बनवावीत असं मला मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई,

एसटीतला तो प्रश्न मी तीनदा वाचला. त्या मुलीनं बोर्ड पाहिला होता, मोटर पाहिली होती, सेन्सरसमोर हात नेल्यावर उघडणारं झाकणही पाहिलं होतं. ज्याची अडचण होती म्हणून हे सगळं करायचं, तो माणूस मात्र तिला कुठेच दिसला नाही. दिसणार कसा? तो नव्हताच. तुमच्या लॅबमध्ये कमी आहे ती एवढीच एक गोष्ट, आणि ती कपाटात मिळणार नाही. ती शोधायला मुलांना वर्गाबाहेर पाठवावं लागेल.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली बऱ्याच जणांत मिळून एकच कॉफीचं भांडं होतं. जिने चढून-उतरून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा रोजचा वैताग. तिथल्या मंडळींनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आपापल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. पुढे १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघत राहिले. तंत्र म्हणून तेव्हा ते अवघड होतंच, पण 'हे कशाला?' असं त्यांना कुणी विचारलं नसतं. कॉफी न मिळालेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

तुमच्या मुलांना तर केंब्रिजपर्यंत जायचीही गरज नाही. कुणाच्या तरी रानातल्या मोटरला मोबाईल स्टार्टर असेलच. एक शनिवार वर्ग घेऊन त्या शेतकरी दादांकडे जा आणि मुलांना विचारू द्या, हा का बसवला? वीज रात्री येते, विहीर लांब, वाटेत अंधार, पावसाळ्यात साप. घरातून फोन लावला की मोटर सुरू होते. नेटवर्कला जोडलेलं उपकरण म्हणजे काय हे या एका भेटीत मुलांना जितकं कळेल तितकं कुठल्याही व्याख्येनं कळणार नाही. मग दुसरा प्रश्न विचारायला सांगा, यात अजून काय खटकतं? बहुतेक ठिकाणी एक उत्तर ऐकू येतं: मोटर चालू झाल्याचं कळतं, पाणी आलं का ते कळत नाही. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. उपकरणाला जे कळतं आणि माणसाला जे कळायला हवं असतं, यांत अंतर असतं. डिझाइन शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी ते अंतर ओळखणं. (स्टार्टरच्या पेटीला मात्र कुणीही हात लावायचा नाही. तिथे थ्री फेज असतं.)

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही 'सुरुवात कुठून' विचारलं आहे आणि माझी सुरुवात तिथे झाली.

पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेत मी दोन वर्षं दर शनिवारी जात होते. आठवीची बावीस मुलं. पहिला महिना आम्ही किट उघडलंच नाही. दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एक वही दिली. एका माणसाबरोबर आठवडाभर थोडा थोडा वेळ घालवायचा आणि त्याचं कुठे अडतं ते लिहायचं. उपाय लिहायचा नाही, फक्त अडचण. मुलांना हे फार जड जातं. दुसऱ्याच दिवशी 'यावर आपण अ‍ॅप काढू' असं लिहून आणतात. मी ती ओळ खोडायला लावत असे.

शाळेच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची आणि सगळे शिपाईमामांना बोल लावायचे. दोन मुली मामांबरोबर चार दिवस फिरल्या. मोटरची कळ मागच्या शेडमध्ये, टाकी पुढच्या इमारतीवर. त्याच अर्ध्या तासात मामांना घंटा द्यायची, ऑफिसचं टपाल न्यायचं, पाहुणे आले तर चहा बघायचा. पाणी वाहायला लागलं तरी त्याचा आवाज ते असतात तिथे पोचत नाही. मुलींनी वहीत लिहिलं होतं, 'मामा विसरत नाहीत. मामांना ऐकू येत नाही.' या दोन वाक्यांनी सगळा प्रकल्प बदलला. अ‍ॅपचा विचार तर मामांचा फोन बघूनच सुटला. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता. त्यांना हवा होता ते जिथे असतात त्या व्हरांड्यात एक आवाज आणि एक दिवा.

मग कुठे सेन्सर आला. मुलांनी अर्थातच युट्यूबवरचा अल्ट्रासोनिक घेतला, दोन डोळ्यांचा, तुमच्या डस्टबिनमध्ये असतो तोच. तो आवाजाची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, आणि यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर; म्हणजे एक मीटरवरच्या पाण्यापर्यंत जाऊन यायला सहा मिलिसेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ. मुलांनी हे बादलीवर मोजून पाहिलं आणि त्यांचा आनंद बघण्यासारखा होता, नववीच्या पुस्तकातला प्रतिध्वनी हातात आला होता. टाकीत मात्र बाष्प धरून त्या उघड्या डोळ्यांनी दोन आठवड्यांत मान टाकली. मग पाण्यात चालणारा बंद डोळ्याचा आणला. त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही. आणि टाकी वाहायला लागते ती नेमकी झाकणाच्या खाली दहा-बारा सेंटिमीटरवर! ज्या क्षणी बघायला हवं त्याच क्षणी सेन्सर आंधळा. शेवटी एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरच्या टाकीत तर नुसता बॉल असतो." तरंगणारा फ्लोट, आत एक स्विच, बाहेर दोन वायरी. पाणी वर आलं की जोडलं जातं, खाली गेलं की तुटतं.

हे तीन आठवडे वाया गेले असं तिथल्या एका शिक्षकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. सगळ्यांत महागडा किंवा नवा सेन्सर सगळ्यांत योग्य असतोच असं नाही, हे मी सांगून त्या मुलांना पटलं नसतं. तीन आठवडे घाम गाळून त्यांनी स्वतः सेन्सर सोडला, म्हणून पटलं. युट्यूबच्या व्हिडिओत हेच नसतं. तिथे फक्त शेवटी जमलेलं दिसतं.

गच्चीवरून व्हरांड्यापर्यंत निरोप न्यायला आम्ही दोन मायक्रोबिट वापरले. हा छोटा बोर्ड बीबीसीच्या पुढाकारानं तयार झाला आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट वाटला गेला. पंचवीस दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि रेडिओ त्याच्यावरच बसवलेले असतात, त्यामुळे वायरींच्या जंजाळात मुलांचा महिना जात नाही. त्याच्या रेडिओला वायफाय लागत नाही, इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण 'जोडलेलं' म्हटलं की सगळे इंटरनेटकडे धावतात. मामांना इंटरनेटची गरज नव्हती. ती दुसऱ्या सत्रात पडली. मोटर रोज किती मिनिटं चालते याची महिन्याची नोंद मुख्याध्यापकांना हवी झाली, तेव्हा ईएसपी३२ आणला. वायफाय असलेला हा बोर्ड चार-पाचशे रुपयांत मिळतो. (एक व्यवहारातली गोष्ट: हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतो. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर मुलं दिवसभर कोड तपासत बसतील आणि चूक कोडमध्ये नसेल.)

पण त्या टाकीतला सगळ्यांत चांगला धडा वेगळाच होता. एकदा गच्चीवरच्या बोर्डची बॅटरी उतरली. व्हरांड्यात दिवा लागला नाही, बझर वाजला नाही, सगळे निर्धास्त, आणि टाकी वाहतेय. मी मुलांना विचारलं, दिवा बंद आहे याचा अर्थ काय? बराच वेळ वाद झाला. टाकी भरलेली नाही, असा एक अर्थ. निरोप पोचलाच नाही, असा दुसरा. त्यांच्या कोडला 'भरली' आणि 'नाही भरली' एवढंच माहीत होतं. 'ठाऊक नाही' ही तिसरी अवस्था कुणी लिहिलीच नव्हती. मग त्यांनी ठरवलं की वरच्या बोर्डनं दर मिनिटाला 'मी आहे' असं कळवायचं, आणि तीन मिनिटं काही ऐकू आलं नाही तर खालचा पिवळा दिवा लुकलुकायचा. कारखान्यांत, दवाखान्यांत हीच युक्ती वापरतात. तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवता यावी म्हणून १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी नावाची निरोप पाठवायची पद्धत तयार केली. आज असंख्य उपकरणं ती वापरतात. तिच्यात उपकरणाला आपलं 'मृत्युपत्र' आधीच लिहून ठेवता येतं: मी अचानक गप्प झालो तर सर्व्हरनं बाकीच्यांना हा निरोप द्यावा. आठवीच्या मुलांना ही कल्पना प्रचंड आवडते. पिवळ्या दिव्यावर स्वतः डोकं खपवलेलं असेल तर तिचं मोलही कळतं.

आता तुमच्याबद्दल. कोडिंग येत नाही म्हणून मागे राहू नका. तुमच्या कपाटात बहुधा आर्डुइनो हा कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड असेल. तो २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावच्या एका डिझाइन संस्थेत तयार झाला, इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांना यंत्रं बनवता यावीत म्हणून. तुमच्यासारख्यांसाठीच. पण 'काही यायची गरज नाही, मुलं आपोआप शिकतात' असंही मी तुम्हाला सांगणार नाही, ते खरं नाही. मुलं अडतात तेव्हा बाजूला बसून शोधणारं माणूस लागतं. दिवाळीच्या सुट्टीत एक उपकरण तुम्ही स्वतः पुरं करा, घरच्या टाकीचं किंवा गॅलरीतल्या कुंडीचं. टिंकरकॅड या वेबसाइटवर आधी संगणकातच जोडून बघा. ते फुकट आहे आणि तिथे काही जळत नाही. मल्टीमीटर हातात सरावाचा होऊ द्या. कोड लिहिताना काहीही करायच्या आधी सेन्सरचा आकडा स्क्रीनवर छापून बघायची सवय लावून घ्या, निम्मे घोळ तिथेच दिसतात. आणि व्होल्टेज लक्षात ठेवा: आर्डुइनो उनो ५ व्होल्टचा, ईएसपी३२ ३.३ चा. अल्ट्रासोनिक सेन्सरची ५ व्होल्टची एको पिन (लहर परत आल्याचं कळवणारी) सरळ ईएसपी३२ ला जोडली तर बोर्ड जाऊ शकतो. मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवायचं. घरातल्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, मध्ये रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) असो वा नसो. प्रकल्प ५ व्होल्टच्या छोट्या पंपावर थांबला तरी शिकणं कमी होत नाही.

आणि तुमची केमिस्ट्री! तुमच्या शाळेचं 'स्मार्ट सिंचन' बघा. मातीत खुपसायचा तो स्वस्त दोन दातांचा ओलावा सेन्सर काही आठवड्यांत काळवंडतो, मग आकडे भरकटतात. का? ओल्या मातीतून सतत वीज जात राहते आणि विद्युत अपघटन होऊन धनाग्राचं तांबं विरघळत जातं. दहावीतला धडा कुंडीत चाललेला असतो. दोन कुंड्या घ्या. एकीतला सेन्सर सतत चालू ठेवा, दुसरीतल्याला तासातून एकदाच, आकडा घेण्यापुरती वीज द्या. तीन आठवड्यांनी दोन्ही उपटून शेजारी ठेवा आणि वजन करा. असा तास घ्यायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. नंतर मुलं स्वतःच विचारतील की उघडं तांबं मातीला न लावता ओलावा मोजता येईल का, तेव्हा कपॅसिटिव्ह सेन्सरची माहिती द्या.

मुलगे वायरी जोडतात आणि मुली चार्ट रंगवतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. ते जाता जाता सोडू नका. हे मी जवळजवळ प्रत्येक शाळेत पाहिलं आहे, आणि 'सगळ्यांनी मिळून करा' म्हटल्यानं ते कधीच बदलत नाही. पाच जणांच्या गटाला एक किट दिलं की दोन हात काम करतात, बाकीचे बघतात. आणि बघणाऱ्यांत मुली जास्त असतात. दोघांत एक बोर्ड द्या, दर वीस मिनिटांनी जागा बदला. ज्याच्या हातात वायर त्यानं बोलायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं. पहिले काही महिने मुलींच्या जोड्या वेगळ्याच ठेवा. माझ्या अनुभवात त्यानं फार फरक पडला.

आणखी एक विषय टाळू नका, कारण प्रदर्शनात हल्ली 'स्मार्ट हजेरी' फार दिसते: कार्ड दाखवा किंवा चेहरा दाखवा, पालकांना मेसेज. मुलांना विचारा, ही नोंद कुठे जाते? कोण बघतं? पुसता येते का? एखादी मुलगी उशिरा का येते हे त्या यंत्राला कळतं का? 'माय फ्रेंड केला' नावाची इंटरनेटला जोडलेली बाहुली मुलांचं बोलणं ऐकून बाहेर पाठवते, ती लपवलेलं हेरगिरीचं उपकरण ठरते, असं म्हणत जर्मनीनं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्याच्या आदल्या वर्षी मिराई नावाच्या व्हायरसनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि कारण काय, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलांना समजते, नीट समजते. मी प्रत्येक गटाला उपकरणावर एक चिठ्ठी चिकटवायला लावते: हे काय मोजतं, कुणाला सांगतं, बंद कसं करायचं. चिठ्ठी लिहिता आली नाही तर उपकरण बाहेर ठेवायचं नाही.

रजिस्टरचा प्रश्न खरा आहे, त्याला हसण्यावारी नेणार नाही. बोर्ड, मल्टीमीटर, थ्रीडी प्रिंटर डेडस्टॉकवर राहू द्या. एलईडी, रेझिस्टर, जंपर वायरी, बॅटऱ्या, स्वस्त सेन्सर यांच्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलून वेगळी, वापरून संपणाऱ्या साहित्याची नोंदवही करून घ्या आणि तिला लेखी मान्यता घ्या. वर्षाला काय किती जळलं हे मुलांनीच त्यात लिहावं, कारणासह. त्या कारणांच्या रकान्यातून मुलं जेवढं शिकतात तेवढं कधीकधी प्रकल्पातूनही शिकत नाहीत. प्रदर्शन बंद करायला सांगू नका, भांडण ओढवेल. एक गट प्रदर्शनासाठी राहू दे आणि एक तुकडी वर्षभर एकाच अडचणीवर काम करू दे. वर्षअखेर तीच तुकडी आपलं वापरातलं, धूळ बसलेलं उपकरण आणि अडचणींची वही घेऊन प्रदर्शनात गेली तर परीक्षकांशी बोलायला तिला काही पाठ करावं लागणार नाही.

जमलं तर एकदा पाबळला जाऊन या, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत आणि गावाच्या गरजेचं काहीतरी करून देत शिकायचं, ही तिथली रीत. जगभर पसरलेल्या फॅब लॅबच्या, म्हणजे यंत्रं वापरून हव्या त्या वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळांच्या, सुरुवातीच्या जागांपैकी एक २००२ मध्ये पाबळला झाली. मुलांना घेऊन जा, निदान तुम्ही तरी जा. आपल्याच मातीत हे चाळीस वर्षं चालू आहे हे बघून धीर येतो.

पहिलं काम मात्र त्या नववीतल्या मुलीला द्या. चार दिवस मधल्या सुट्टीत तिनं एका मैत्रिणीबरोबर शाळेच्या डब्यापाशी थांबायचं. किती जण कचरा डब्यात टाकतात, किती बाजूला. कुणाचे हात भरलेले असतात. डबा किती वाजता भरतो. एवढं वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी डबा रिकामा करणाऱ्या मावशींना जरा बसवून विचारायचं की त्यांना नेमका कशाचा त्रास होतो. त्यांनी झाकणाचं नाव काढलंच, तर मोटर कपाटात आहेच.